वेगळी ठेवलेली कपबशी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्या बाईंनी आपल्या टिपणांवरून ते स्वतः लिहून दिले आहे.)



चिटणीसबाईंनी महिन्यापूर्वी मला निरोप धाडला की, आरोग्यावरचे भाषण गेल्या वर्षी झाले, पाककृती त्याच्या आदल्या वर्षी झाल्या, तेव्हा यंदा "जरा बाहेरच्या जगाचे काही सांगा." मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवले. बाहेरचे जग म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा नकाशा येतो आणि हातात छडी येते. म्हणून मी अमेरिका निवडली. तिथल्या काळ्या लोकांना गोऱ्यांपासून वेगळे कसे ठेवीत आणि ते वेगळेपण त्यांनी कसे मोडले, हे सांगावे असे योजले. परंतु टिपणे काढता काढता माझी अमेरिका चाळीसगावच्या स्टेशनावर उतरली, तिथून शहाद्याला गेली, आणि शेवटी माझ्याच स्वयंपाकघरात येऊन बसली. तेव्हा आजचे भाषण थोडे भरकटले तर सांभाळून घ्या.

आधी एका शब्दाविषयी. आमच्या वेळच्या पुस्तकांत त्या लोकांना 'निग्रो' म्हणत. तो शब्द त्या लोकांनी स्वतः टाकून दिला आहे, म्हणून मीही टाकते. कोणाला काय म्हणावे हे ज्याचे त्याने ठरवावे. या म्हणण्या-बोलावण्याकडे मला पुढे पुन्हा यायचे आहे.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ साली. आपल्या जोतीराव फुल्यांना या घटनेचे केवढे मोल वाटले होते पाहा! १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले, ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून लिहिलेले मराठी पुस्तक, आणि अर्पण सातासमुद्रापलीकडच्या लोकांना! पण गुलामगिरी संपली तरी वेगळेपण संपले नाही. दक्षिणेकडच्या राज्यांनी एकामागून एक कायदे केले. शाळा वेगळ्या, दवाखान्यातले दरवाजे वेगळे, पाणी पिण्याचे नळ वेगळे, आणि त्यावर पाट्या लावलेल्या. १८९६ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने सांगून टाकले की, वेगळे ठेवले म्हणून कमी लेखले असे होत नाही. हा निकाल फिरायला १९५४ साल उजाडावे लागले, आणि तोही शाळांपुरता.

आता माँटगोमेरीची गोष्ट. अलाबामा राज्यातले हे राजधानीचे गाव. तिथल्या शहर बसमध्ये पुढची दहा आसने गोऱ्यांची. ती रिकामी असली तरी काळ्या माणसाने तिथे बसायचे नाही. मागची आसने काळ्यांची, आणि मधली अशी की गोऱ्यांची गर्दी झाली की काळ्यांनी उठायचे. एवढ्यावरही भागत नव्हते. पैसे पुढच्या दाराशी द्यायचे, मग खाली उतरायचे आणि मागच्या दाराने चढायचे. कित्येकदा पैसे घेऊन, बाई मागच्या दाराशी पोहोचायच्या आत चालक गाडी सोडून देई. गंमत अशी की, बसमध्ये बसणाऱ्यांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक काळेच होते. सकाळ-संध्याकाळ त्या गाड्या भरून जात त्या प्रामुख्याने गोऱ्यांच्या घरी धुणी, भांडी, स्वयंपाक आणि मुले सांभाळणाऱ्या बायकांनी.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स नावाची ४२ वर्षांची बाई कामावरून घरी चालली होती. एका मोठ्या दुकानात ती शिवणकाम करी. मधल्या आसनांपैकी एकावर ती बसली होती. एक गोरा मनुष्य उभा राहिला तेव्हा चालकाने त्या रांगेतल्या चौघांना उठायला सांगितले. तिघे उठले, ही उठली नाही. पोलीस आले, अटक झाली. आमच्या वाचनमालेत असे धडे असले की लिहीत, "बिचारी फार दमली होती, म्हणून उठली नाही." रोझाबाईंनी पुढे स्पष्ट सांगितले की शरीराने त्या दमल्या नव्हत्या, वारंवार नमते घेण्याला दमल्या होत्या. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या त्या गावातल्या चिटणीस होत्या. याच चालकाने १९४३ साली त्यांना एकदा गाडीतून उतरवलेही होते. चिटणीस म्हणजे कोण, हे आपल्या मंडळात कोणाला सांगायला नको! पत्रे लिहायची, नोंदी ठेवायच्या, कोणावर काय अन्याय झाला ते टिपून घ्यायचे. ती बाई रागाच्या भरात बसून राहिली नव्हती. तिला सगळे ठाऊक होते. आणि ती पहिलीही नव्हती. त्याच वर्षी मार्च महिन्यात क्लॉडेट कॉल्व्हिन नावाची १५ वर्षांची शाळकरी मुलगी अशीच न उठल्याबद्दल पकडली गेली होती.

आता मला विशेष सांगायचे आहे ते पुढचे. त्या गावात काळ्या स्त्रियांचे एक राजकीय मंडळ होते. पुष्कळशा शिक्षिकाच. त्यांच्या प्रमुख जो अ‍ॅन रॉबिन्सन या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. अटकेची बातमी कळली त्या रात्री त्या महाविद्यालयात गेल्या आणि रात्रभर चक्रमुद्रण यंत्रावर पत्रके काढीत बसल्या. सोमवारी, ५ डिसेंबरला, कोणी बसमध्ये बसू नये, एवढाच मजकूर. सकाळी हजारो पत्रके घरोघर, शाळाशाळांत गेली. मार्टिन ल्यूथर किंग हे नाव आपण सर्व जाणतो. ते तेव्हा २६ वर्षांचे तरुण धर्मोपदेशक होते आणि चळवळीचे पुढारी म्हणून त्यांना निवडले ते त्या सोमवारी दुपारी. पत्रके त्याआधी बायकांनी वाटून झालेली होती. पुढारी नंतर येतो, पत्रक आधी निघते, हे मंडळे चालवणाऱ्या बायकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एक दिवसाचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. बायका पायी कामावर गेल्या. पाच पाच, सहा सहा मैल, पावसापाण्यात. ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी इतरांना नेण्या-आणण्याची व्यवस्था केली. सुमारे तीनशे मोटारी होत्या म्हणतात. यातली सर्वांत मजेची गोष्ट सांगते. मोलकरीण आली नाही तर घर चालेना, म्हणून गोऱ्या घरच्या मालकिणीच स्वतःची गाडी घेऊन आपापल्या मोलकरणीला आणायला आणि पोचवायला जाऊ लागल्या! शेवटी गावच्या महापौराला जाहीर सांगावे लागले की, बायांनो, तुम्ही हे करू नका, तुमच्यामुळे बहिष्कार टिकला आहे. बायकांनी ऐकले नाही. घरातली उष्टी भांडी महापौर थोडाच घासणार होता?

पण एवढ्या मोटारींना तेल लागते. पैसा कोठून आला? बराच बाहेरून आला, काही चर्चमधल्या झोळ्यांतून आला, आणि काही आला तो जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाईच्या चुलीवरून. या बाईने शेजारणी-मैत्रिणी गोळा केल्या. कोणी केक करावा, कोणी भरल्या पोळीसारखा त्यांच्याकडचा पदार्थ करावा, कोणी कोंबडी तळावी, आणि ते गोऱ्या-काळ्या सर्वांना विकून पैसा चळवळीला द्यावा. यातल्या कित्येकजणी गोऱ्यांच्या घरी कामाला. नाव फुटले तर काम जाईल. म्हणून त्यांनी आपल्या मंडळाचे नावच ठेवले "कुठलेच नाही असे मंडळ". पैसे कोठून आले असे विचारले की उत्तर "कुठूनच नाही." खुद्द गिलमोरबाईंनी कोर्टात साक्ष दिली आणि त्यांचे काम गेलेच. मग त्यांनी घरीच खाणावळ घातली. आपण दर दिवाळीला फराळाचे विकतो आणि त्यातून सतरंज्या घेतो. त्या वेळी मला आता या बाईची आठवण येत राहणार.

१९५६ च्या नोव्हेंबरात वरिष्ठ न्यायालयाने बसमधले वेगळेपण बेकायदा ठरवले. तो दावा चार बायकांच्या नावाने चालला होता आणि त्यांत ती १५ वर्षांची क्लॉडेटही होती. २१ डिसेंबरला लोक पुन्हा बसमध्ये बसले, वाटेल त्या आसनावर. रोझाबाईंची नोकरी मात्र गेली ती गेलीच; त्यांना गाव सोडून डेट्रॉइटला जावे लागले. असल्या लढ्याचा हिशेब लिहिताना ही बाजू लोक विसरतात.

इथपर्यंत माझे टिपण तयार झाले आणि मी मनात म्हटले, काय दुष्ट लोक! असे म्हणायला फार बरे वाटते. मग माझ्या भाच्याने मला डॉ. आंबेडकरांचे एक छोटे आत्मकथन वाचायला दिले. ते त्यांच्या पश्चात १९९० साली छापले गेले. त्यात आपल्या खानदेशातली एक हकीकत आहे, ती मी आजवर वाचली नव्हती याची मला लाज वाटली.

१९२९ सालची गोष्ट. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने एक समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सभासद होते. खानदेशाचे दोन्ही जिल्हे त्यांच्या आणि दुसऱ्या एका सभासदाच्या वाट्याला आले. काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे लाइनीवरच्या एका खेड्यात अस्पृश्यांवर गावाने बहिष्कार घातला होता, तो पाहायचा होता. तो पाहून ते पुन्हा चाळीसगावला आले. तिथल्या महार मंडळींनी आग्रह केला होता की रात्री आमच्याकडे राहा. स्टेशनावर हार घातले गेले. महारवाडा दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे. बाहेर टांगे पुष्कळ उभे. आणि तरी कोणी हलेना. बाबासाहेब वाट पाहत उभे राहिले, तासभर गेला, कारण कोणी सांगेना. शेवटी एक टांगा आला. बाबासाहेब बसले, मंडळी जवळच्या वाटेने पायी निघाली. दोनशे पावले जात नाहीत तोच टांगा मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवर बिनकठड्याची मोरी होती, कडेला फक्त दगड बसवलेले. तिथे वळताना घोडा बिथरला, चाक दगडावर आपटले, बाबासाहेब उडून फरशीवर पडले आणि घोडा टांग्यासकट नदीत गेला. पाय मोडला. शुद्ध हरपली. महारवाड्यातली बायामाणसे रडत-ओरडत धावली आणि त्यांना उचलून घेऊन गेली.

नंतर उलगडा झाला तो असा. महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. आणि आपला बॅरिस्टर साहेब पायी चालत यावा हे महार मंडळींना मानवेना. मग तडजोड निघाली : टांगा भाड्याने देतो, हाकणार मात्र आम्ही नाही, तुमचा तुम्ही हाका. त्या मंडळींत कोणालाच टांगा हाकता येत नव्हता. त्यांतल्या एकाने त्यात काय मोठेसे म्हणून लगाम धरला आणि वाटेत त्याचे हातपाय गळाले.

भगिनींनो, ही हकीकत मी तीनदा वाचली. टांगेवाला काही सावकार नव्हता की पाटील नव्हता. दिवसाकाठी घोड्याचा चारा सुटला तर नशीब, अशी त्याची स्थिती. समोर उभा असलेला माणूस अमेरिकेत आणि विलायतेत शिकून आलेला, सरकारच्या समितीचा सभासद. आणि तरी त्या टांगेवाल्याला आपण याच्याहून वरचे आहोत असे ठाम वाटत होते. माँटगोमेरीच्या बसमध्ये निदान पाटी होती आणि कायदा होता. चाळीसगावच्या स्टेशनाबाहेर पाटी कोठेच नव्हती. पाटी नसली तर कोर्टात कशाविरुद्ध जायचे? आणि त्या एक तासात स्टेशनावर आणखी किती उतारू असतील, आपापल्या टांग्यात बसून गेले असतील, त्यांना काही खटकले असेल का, याचा मी विचार करत बसले. मी त्या गर्दीत असते तर काय केले असते? ट्रंक वर ठेवायला लावली असती आणि गेले असते. खोटे कशाला बोलू!

आपल्याकडे पुढे कायदा झाला. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ साली, म्हणजे रोझाबाई बसल्या त्याच वर्षी, अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा लागू झाला. १९७६ साली तो कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव दिले. किंगसाहेबही आपल्याकडे येऊन गेले. १९५९ साली ते पत्नीसह महिनाभर हिंदुस्थानात होते. त्रिवेंद्रमला एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती "अमेरिकेतला अस्पृश्य" अशी. त्यांना आधी धक्का बसला आणि थोडा रागही आला. मग त्यांनी आपल्या लोकांची स्थिती मनात आणली आणि म्हटले, होय, मी अस्पृश्यच आहे. ही हकीकत त्यांनी पुढे आपल्या चर्चमध्ये प्रवचनात सांगितली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे चाळीसगावचे झाले. आपल्या नंदुरबारचे काय? १ जुलै १९९८ रोजी आपला जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातील शंभरांपैकी ६९ माणसे आदिवासी भरली. आता या सभागृहात बसलेल्या बायकांकडे एकदा नजर टाका. मी मोजत नाही. तुमच्या तुम्हीच मोजा.

भिल्ल, पावरा, कोकणी, मावची या लोकांना कोणी विहिरीवरून हाकलले नसेल तसे. गोष्ट वेगळ्या तऱ्हेची होती. शहाद्याच्या भागात त्यांच्या जमिनी कर्जापोटी गेल्या आणि जमिनीचे धनी त्याच जमिनीवर सालदार म्हणून राबू लागले. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती हे स्वतः भिल्ल. गाणी म्हणत, भजने करत त्यांनी लोकांना जागे केले. १९७२ च्या जानेवारीत शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. त्यात बाहेरून आलेली शिकलेली मुलेही होती. दुष्काळाचे साल होते ते. जमीन, मजुरी आणि माणसासारखी वागणूक ह्या तीन मागण्या. अंबरसिंग १९७४ साली ऐन तरुणपणी गेले. पण तोवर बायका पुढे झाल्या होत्या. त्यांनी गावोगाव दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. गेल ऑम्व्हेटबाई आणि जर्मनीच्या मारिया मीस यांनी या बायकांवर लिहिले, ते परदेशात वाचले गेले. आम्ही इथे चाळीस किलोमीटरवर होतो. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. शिक्षकांच्या खोलीत त्या मोर्च्यांविषयी बोलणे निघे ते एवढेच, की आता सालदार मिळणे अवघड होणार.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. १९३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यात मोरवडला गुलाम महाराज म्हणून एक आदिवासी सत्पुरुष होऊन गेले. दारू सोडा, स्वच्छ राहा, असा त्यांचा उपदेश. आरतीला डोंगरातून हजारो लोक येत. त्यांचे अनुयायी एकमेकांना भेटले की "आप की जय" म्हणत. ज्याला जन्मभर सगळे "ए" आणि "अरे" म्हणत आले, त्याने शेजाऱ्याला "आप" म्हणायचे! सुरुवातीला मी म्हटले ना, म्हणण्या-बोलावण्याकडे परत येईन म्हणून? माँटगोमेरीतही तेच होते. साठ वर्षांच्या काळ्या बाईला गोऱ्या घरातले शेंबडे पोर नावाने हाक मारी, आणि तिने मात्र त्या पोराला आदराने बोलायचे. आपल्या बाजारात, मिरचीच्या पथारीवर, रिक्षात, डोंगरातून आलेल्या आजीबाईला कोण "अहो" म्हणतो? मी ऐकत असते. "ए बाय, सरक."

आता माझ्या स्वयंपाकघराकडे येते. हे सांगावे की नाही याबद्दल घरात दोन मते होती.

माझ्या आईकडे एक भिल्लीण मोळी घेऊन येई. तिच्यासाठी कान तुटलेली एक कपबशी मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. चहा वरून ओतायचा, तिने पिऊन विसळून पालथी घालायची. आई स्वभावाने प्रेमळ होती. तिला सणाला पुरणपोळी दिल्याशिवाय राहत नसे. पण कपबशी कोनाड्यातच. त्या बाईचे नाव काय, हे मला आजतागायत ठाऊक नाही. आम्ही तिला "मोळीवाली" म्हणत असू.

माझे लग्न झाले, बिऱ्हाड झाले, नोकरी सुरू झाली. माझ्याकडे धुण्याभांड्याला एक पावरा बाई येऊ लागली. मी शाळेत रोज सकाळी मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेई आणि घरी येऊन त्या बाईला चहा देई तो वेगळ्या पेल्यात. स्टीलचा, चांगला, पण वेगळा. मुद्दाम ठरवून नव्हे. हात आपोआप त्या फळीवर जाई. महिना-दोन महिन्यांनी ती म्हणाली, "चहा नको बाई, मला मानवत नाही." मी म्हटले, बरे. चहापत्ती वाचली. अकरा वर्षे ती माझ्याकडे होती. अकरा वर्षांत तिने माझ्या घरी पाण्याचा घोटदेखील घेतला नाही. मला वाटे, बाई मोठी काटक आहे.

मग तिच्या मुलीचे लग्न निघाले. मला आग्रहाने बोलावले, मी धडगावच्या बाजूला त्यांच्या पाड्यावर गेले. तिने मला खाटेवर बसवले, नवी कोरी कपबशी काढली, तिच्यात चहा दिला आणि माझ्यासमोर बसून स्वतःही कपभर प्यायली. मी म्हटले, "अहो, तुम्हाला तर चहा मानवत नाही ना?" त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा "अहो" म्हटले. पाहुणी म्हणून गेल्यावर आपोआप आले तोंडात. ती हसली. म्हणाली, "मानवतो. तुमच्या घरचा नाही मानवत."

रागाने म्हणाली नाही. पुन्हा माझ्या ताटात भात वाढला, मुलीला पाया पडायला लावले. मी परत येताना जीपमध्ये बसून हिशेब करीत होते. माँटगोमेरीच्या बायका ३८१ दिवस चालल्या, जगाने त्यांची दखल घेतली. माझ्या घरात अकरा वर्षे एका बाईने बहिष्कार चालवला होता आणि घरच्या मालकिणीला त्याचा पत्ता नव्हता. पत्रक नाही, मोर्चा नाही, पाटी नाही. फक्त "चहा नको बाई".

तो पेला मी काढून टाकला. पण त्यानंतर ती फार दिवस कामाला आली नाही, मुलाकडे सुरतेला गेली. म्हणजे माझ्या सुधारणेचा तिला काडीचा उपयोग झाला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी आपण व्यासपीठावरून सांगतो तेव्हा शेवटी आपणच चांगल्या ठरतो.

आता मंडळाविषयी दोन शब्द, आणि मी बसते. आपल्या मंडळाच्या नियमांत कोठेही लिहिलेले नाही की अमुक जातीच्या बाईने सभासद होऊ नये. मी नियम पुन्हा वाचून आले आहे. चाळीसगावच्या स्टेशनाबाहेरही काही लिहिलेले नव्हते. दिवाळीच्या फराळासाठी, उन्हाळ्यात बिबडे आणि पापडांसाठी आपल्याकडे आठ-दहाजणी रोजाने येतात. कुटतात, लाटतात, गच्चीवर वाळत घालतात. पाकिटावर नाव मंडळाचे असते. दुपारी आपण आत जेवतो, त्या बाहेर जिन्याखाली आपापले डबे उघडतात. गेल्या वर्षी मी एकीला म्हटले, आत या. तेव्हा आपल्यातलीच एक भगिनी म्हणाली, "त्यांनाच बाहेर बरे वाटते." तिचे मी नाव घेत नाही. मीही अकरा वर्षे हेच म्हणत होते, की तिला मानवत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आपली यादी मी पाहिली. एकशे चाळीस नावे आहेत. त्या आठ-दहाजणींतले एकही नाही. का नाही, असे विचारले तर कोणीच "नको" म्हटलेले नाही. कोणी "घालू या" असे म्हटलेले नाही, इतकेच.

काहीजणी मला आधीच म्हणाल्या, वर्धापनदिनाला हे कशाला? आनंदाचा दिवस आहे. खरे आहे. पण वर्षातून एकदाच आपण सगळ्याजणी एका ठिकाणी बसतो. दुसऱ्या कोणत्या दिवशी सांगू?

त्यांच्यातल्या दोघींनी सभासदत्वाचा अर्ज भरला आहे. वर्गणी त्यांनी स्वतःच्या पैशातून भरली आहे; मी देते म्हटले तर नको म्हणाल्या. एक वाचू शकते, दुसरीने माझ्यापुढे बसून सही गिरवली, चार कागद खर्ची पडले. दोघी आज मागे दाराजवळ बसल्या आहेत. भाषणात आमचे नाव घेऊ नका असे त्यांनी मला बजावले आहे, म्हणून घेत नाही. चहाच्या वेळी तुम्हीच जाऊन विचारा. अर्जावर सूचक म्हणून मी सही केली आहे. अनुमोदकाची जागा दोन्ही अर्जांवर अजून कोरी आहे. अर्ज चिटणीसबाईंच्या टेबलावर, हजेरीच्या वहीखाली ठेवलेले आहेत.